चौथी खुर्ची

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा. अपेक्षा इतकी कमी ठेवून आलो होतो की खोली बघून चक्क खूश झालो. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवारातच पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, त्यातली पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली मला दिली. पलंग करकरत नाही, नळाला गरम पाणी येतं (इथे नाही यायचं तर कुठे यायचं), खिडकीतून मोठ्या गोल टाक्या दिसतात आणि त्यांच्या कडेने बदकं फिरतात. बदकं इथल्या कर्मचाऱ्यांपेक्षा चपळ वाटली.

काम तीन आठवड्यांचं आहे, पण मी आठवड्यात उरकीन. रजा आणि हजेरीचं एक वेब ॲप आहे, जावामधलं, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी पाट्या टाकून गेलेलं. त्यात प्रत्येकाचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. टपालाला, म्हणजे ईमेलला, दुसरा, दाराच्या कार्डाला तिसरा. आता कार्यालयाने सगळ्या माणसांची एकच डिरेक्टरी केली आहे: विभागवार फांद्या आणि प्रत्येक फांदीवर माणसं. हजेरीच्या ॲपने स्वतःची वही फेकून देऊन या डिरेक्टरीला विचारायचं, एवढंच करायचंय. मोठ्या साहेबांनी हे मला पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांना स्वतःला ते कळलेलं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला.

आल्या आल्या कारकुनाने एक फॉर्म भरून घेतला. पत्ता, घरचा फोन, जन्मतारीख, रक्तगट, जवळचे नातेवाईक. तीन आठवड्यांच्या माणसाचा रक्तगट कशाला, असं विचारलं तर म्हणाला, रकाना आहे म्हणून. अशा उत्तरांवर ही इमारत उभी आहे. नातेवाइकांत बायको आणि चिमी लिहिलं. चिमीला सांगून आलोय की एकवीस तारखेला बाबा घरी. तिने कॅलेंडरच्या त्या चौकटीत माझं चित्र काढलंय, त्यात डोकं टरबुजाएवढं. सहा वर्षांच्या मुलीला बापाची एवढी अचूक पारख असेल असं वाटलं नव्हतं.

रोजनिशी लिहितोय, कारण इथे दोन वाक्यं बोलावीत असं कुणी दिसत नाही.

४ मार्च, मंगळवार

जुना कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. आठशे बारा माणसांचे पासवर्ड उघडेबोडके लिहून ठेवलेत. त्यातल्या एकशे नव्वद जणांचा पासवर्ड 'पाणी'. ज्यांना जास्त अक्कल आहे त्यांनी पुढे एक आकडा लावलाय.

डिरेक्टरी ज्या बाई सांभाळतात त्यांना सगळे नोंदबाई म्हणतात. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, बोलण्याआधी समोरच्या कागदाच्या कडा जुळवून घेतात. त्यांच्या खोलीत भिंतीला लागून तीन खुर्च्या आहेत. रिकाम्या. प्रत्येकीच्या पाठीवर नावाची पट्टी, आणि नावं अशी की कुठल्याही आईने ती पोराला ठेवली नसती. मी विचारलं, ही मंडळी रजेवर आहेत का. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या की ही शोधखाती आहेत, एक टपालाचं, एक दरवाज्यांच्या कार्डांचं, एक छपाईयंत्रांचं.

इथे थोडं समजावून लिहितो, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही. ॲप स्वतः कुणालाच ओळखत नाही. कुणी नाव आणि पासवर्ड टाकला की ॲप आधी एका खात्याने डिरेक्टरीत शिरतं, त्या नावाचा माणूस कुठल्या फांदीवर बसलाय ते शोधतं, आणि मग तिथे जाऊन त्याच्या पासवर्डने दार ठोठावतं. दार उघडलं तर माणूस खरा. हे पहिलं खातं म्हणजे शोधखातं. कुणी विचारलं की आहे किंवा नाही एवढं सांगायचं, दिवसभर, दर वेळी. जगभर अशा खात्याला काहीतरी फुटकळ नाव देतात आणि विसरून जातात. इथे त्याला खुर्ची देतात! आणि नोंदबाई रोज सकाळी तिन्ही खुर्च्या फडक्याने पुसतात. मी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तू लोकांना हसायला जातोस की कामाला? दोन्हीला.

६ मार्च, गुरुवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातून वजा करावा. हजेरीच्या ॲपसाठी नवं शोधखातं हवं, म्हणून नोंदबाईंकडे गेलो. त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. अकरा दिवस लागतात म्हणाल्या, कामाचे. अकरा दिवस कशाला, तर ठेवलेलं नाव कुठल्याच फांदीवर कुठल्याच माणसाचं नाही, हे तपासायला. नाव कुणाचंही असता कामा नये. खुर्ची रिकामीच राहिली पाहिजे, असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, हे काम यंत्र अर्ध्या सेकंदात करतं. त्या म्हणाल्या, करतं हो, पण यंत्र कुणाच्या तरी नावाने करतं ना?

या तर्काला उत्तर नसतं, कारण त्यात प्रश्नच नसतो. मी नमस्कार करून बाहेर आलो आणि माझंच खातं वापरलं. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये माझं नाव, माझा पासवर्ड, दोन ओळी, काम फत्ते. फक्त एक अडचण: माणसांचे पासवर्ड दर तीस दिवसांनी बदलावे लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये ॲप बंद पडणार आणि हे लोक मला घरी फोन करून रडणार. म्हणून माझ्या नोंदीत 'यंत्रखातं' या चौकटीत खूण केली. आता पासवर्ड कधीच संपणार नाही. तेवढा अधिकार मला पहिल्याच दिवशी देऊन ठेवला होता, यावरून इथल्या सुरक्षेची कल्पना यावी.

नोंदबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कागदाच्या कडा जुळवल्या नाहीत. असं करू नका सर, निदान खूण तरी काढा, म्हणाल्या. मी म्हटलं, बरं, तुमचा अर्ज सवडीने भरू. भरणार नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळी नऊला सगळं कार्यालय नव्या पद्धतीने आत आलं. आठशे बारा माणसं, एकही बोंब नाही. मोठे साहेब केबिनमधून बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. तळवा ओला होता त्यांचा.

एक गंमत. जेवायच्या सुट्टीत व्हरांड्यात उभा होतो तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव मला माहीत होतं. पूर्ण नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक. पंपगृहातला तो जाडा, ३०७. हिशेबातली ती सतत शिंकणारी, ११२. त्यांच्यापैकी एकाशीही मी आजवर बोललेलो नाही. यादी दोन दिवस डोळ्यांखालून गेली असेल, बसली डोक्यात. शाळेत असताना पाढे असेच एकदा ऐकून पाठ व्हायचे. बायको म्हणते मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. दाखवला पाहिजे तिला हा व्हरांडा.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी जाग आली ती तोंडात नाव घेऊनच. जलपरीक्षण विभागातला कोणीतरी, ५८८. मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. आणि नावानंतर मी 'आहे' म्हणालो. मोठ्याने. स्वतःच्या आवाजाने जागा झालो.

दिवसभर तसंच. छातीच्या मध्यावर, कुणी शर्टाचं बटण धरून हलकेच ओढावं तसं होतं, मग एक नाव येतं, मग माझ्या तोंडून 'आहे' निघतं. मान नकळत हलते. समोर बसलेला कारकून विचारत होता, सर, तुम्ही कुणाला हो म्हणताय? या माणसाला दिवसभरात फक्त एवढंच लक्षात येतं, तेही नको तेव्हा.

वैताग येऊन दुपारी लॉग उघडला. प्रत्येक लॉगिनची वेळ त्यात पडते. मी घड्याळ समोर ठेवून माझ्या बटण-ओढीच्या वेळा कागदावर लिहिल्या. एकतीस वेळा. मग दोन्ही जुळवून पाहिलं.

एकतीसच्या एकतीस जुळल्या. सेकंदासकट.

थकवा आहे. चहा फार होतो. डोकं रिकामं ठेवलं की असलं काहीबाही सुचतं, आणि इथल्या हवेत डोकं रिकामं ठेवायची सोय आहे.

१४ मार्च, शुक्रवार

घरी फोन केला. चिमी बोलली. पुढचा दात पडल्याचं सांगत होती, तो मोरीत गेला की पोटात गेला यावर घरात दोन मतं आहेत. मी ऐकत होतो, आणि मध्येच मी तिला विचारलं, विभाग कुठला?

ती खूप हसली. पुन्हा म्हणा ना बाबा, म्हणाली. मीही हसलो. पण मला ते विचारायचं नव्हतं, आणि विचारल्यावर क्षणभर मी उत्तराची वाट बघत होतो. खरंच वाट बघत होतो.

लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायला मी काय मोठा साहेब नाही.

१७ मार्च, सोमवार

नोंदबाईंकडे गेलो. स्वतःहून. माझ्यावर ही वेळ यावी!

सगळं सांगितलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही, सहानुभूतीही दाखवली नाही. पडद्यावर माझी नोंद उघडून दाखवली. जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. रक्तगटाचा रिकामा होता. मी म्हटलं, कुणी पुसले? त्या म्हणाल्या, कुणी नाही, यंत्रखात्याला जे लागत नाही ते आपोआप झडतं, एकेक करून. मी माझी जन्मतारीख आठवून पाहिली. वर्ष आठवलं. महिना पावसाळ्यातला असावा.

मग मी ओरडलो, की या क्षणी ती खूण काढा. त्या म्हणाल्या, तशी निघत असती तर मीच सहा तारखेला काढली असती. एकदा लागलेली खूण मंजूर अर्जाशिवाय निघत नाही. तोच अर्ज, अकरा दिवस. आज भरला तर आजचा दिवस धरून एकतीस तारखेला मंजूर. त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून खातेदाराने आपल्या जवळच्या माणसाला ओळखायचं. नाव वाचून दाखवायचं नाही, समोर बघून ओळखायचं. खात्यामागे माणूस आहे याचा तेवढाच पुरावा इथे चालतो. मग खूण निघते.

मला हसू आलं. म्हणजे मला माझ्या मुलीला ओळखायचंय. परीक्षा तर परीक्षा, निदान प्रश्न सोपा काढलाय. पोटच्या पोरीला विसरायला मी काय इथे नोकरीला आहे?

बाई म्हणाल्या, अजून तीन रकाने आहेत. पत्ता, फोन, आणि नातेवाईक शेवटचा.

अर्ज भरला. रिकाम्या खुर्चीसाठी नाव सुचवा असा रकाना होता. एक वेडंवाकडं नाव लिहिलं.

१८ मार्च, मंगळवार

अकरा दिवस इथे बसून राहायला मी वेडा नाही. सरळ घरी निघालो. बॅग घेतली, फाटकाशी दरवानाने सही मागितली, केली (तो ७४०, सुरक्षा विभाग). रस्त्यावर आलो. शंभर पावलं गेलो असेन.

बटण ओढलं गेलं आणि मी थांबलो. नाव आलं, 'आहे' म्हणालो, पाय उचलला. पुन्हा ओढलं. पाळी बदलायची वेळ होती, पंपगृहातले सगळे एकामागून एक आत येत होते. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, मग खाली उतरून शिव्या देत होता, सगळं ऐकू येत होतं. पण आधी उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिल्याशिवाय पाय उचलत नाही.

दरवानाने दंडाला धरून आत आणलं. लहान पोराला आणावं तसं. ज्या माणसाचा पासवर्ड 'पाणी' आहे त्याने.

२० मार्च, गुरुवार

उपाय सापडला होता. फाइलमधून माझं नाव काढायचं, टपालाचं शोधखातं घालायचं, ॲप बंद करून पुन्हा चालू करायचं. मिनिटभराचं काम. नोंदबाई नको नको म्हणत शेजारी उभ्या राहिल्या. अकराला ॲप बंद केलं.

मी एवढंच सांगू शकतो की अकरा वाजले होते, आणि मग अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. मध्ये काही नाही. अंधारसुद्धा नाही. मी जमिनीवर होतो आणि बाई माझ्या छातीशी कान लावून बसल्या होत्या. डोळे उघडे होते म्हणाल्या, पण श्वास नव्हता. टपालाचं खातं हजेरीच्या ॲपला उत्तरच देईना, ते टपालाचंच ऐकतं. शेवटी त्यांनी माझं नाव फाइलमध्ये पुन्हा टाकलं आणि ॲप चालू केलं. पहिला लॉगिन झाला, आणि मी 'आहे' म्हणालो.

त्या रडत होत्या. मला रडणारी माणसं आवडत नाहीत. पण त्यांचा हात मी सोडला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज घरी जायचं होतं. काम लांबलं, असं फोनवर सांगितलं. चिमी बोलायला आली नाही. रुसून बसली आहे.

माझी खुर्ची डळमळते म्हणून नोंदबाईंच्या खोलीत बसायला लागलो. भिंतीला लागून, तिघींच्या ओळीत. इथे ओढ कमी दुखते. पाठीवर पट्टी नाही अजून.

२४ मार्च, सोमवार

पत्ता गेला. घर कसं आहे ते आठवतं: निळं दार, स्वयंपाकघराची खिडकी अडकते. पण ते कुठे आहे ते नाही. कुठल्या बाजूला जायचं ते नाही. माझ्या घरी मला कुणीतरी नेऊन सोडावं लागेल, म्हाताऱ्यासारखं.

लोक खोलीत येतात, माझ्याकडे न बघता बाईंशी बोलतात, जातात. सकाळी एकाने माझ्या खुर्चीच्या हातावर ओली छत्री टेकवली. ४०१, नकाशे. मी त्याला काही म्हणालो नाही — सुचलंच नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी याला उभा सोलला असता.

२६ मार्च, बुधवार

फोन गेला. बोट आकड्यांवर फिरतं, थांबतं. मोबाइलमध्ये आठशे बारा नंबर दिसतात, सगळे इथले. घरचा त्यात नाही.

नोंदबाईंनी ड्रॉवरमधून माझा पहिल्या दिवसाचा कागदी फॉर्म काढला. त्यावर नंबर आहे. त्यांनी लावला. त्या माझ्या बायकोशी बोलल्या — सोमवारी मुलीला घेऊन या, काहीही झालं तरी या. मी शेजारी बसून आवाज ऐकत होतो. आवाज ओळखीचा होता. बराच ओळखीचा.

या बाईंना मी काय काय नावं ठेवली. एकट्या त्यांनाच डोकं आहे इथे. आणि मी शहाणा. फार शहाणा.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटचा रकाना अजून भरलेला आहे. आजच्या दिवस. सोमवारपर्यंत नसेल. म्हणून लिहितो. मोठ्या अक्षरात.

चिमी. सहा वर्षांची. पुढचा दात पडलाय. जिना उतरताना पायऱ्या मोजते, आणि चुकली तर पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून मोजते. ही तुझी मुलगी आहे. गाढवा, ही तुझी मुलगी आहे. ती समोर आली की फक्त तिचं नाव घे. बाकी काही करू नकोस, काही विचारू नकोस, शोधू नकोस —

आहे.

आहे.

लिहिताना मध्ये आलं. दोघे. हिशेब विभाग.

चिमी. चिमी. चिमी. चिमी.

३१ मार्च, सोमवार

पावणेनऊ. नोंदबाई एका बाईला आणि एका लहान मुलीला घेऊन आल्या. कागद पुढे ठेवला. म्हणाल्या, सर, या कोण ते सांगा, एवढंच सांगा.

काय एकेक कामं आणतात. विभाग विचारला. ती बाई सांगेना, माझ्याकडे बघून रडायला लागली. कर्मचारी क्रमांक विचारला. नाही. क्रमांकाशिवाय फाटकातून सोडतात कसे? दरवानाची तक्रार करायला हवी.

मुलीला नाव विचारलं. तिने सांगितलं. सगळ्या फांद्या पाहिल्या. पंपगृह, जलपरीक्षण, नकाशे, हिशेब. नाही. पूर्ण नाव विचारलं. मधलं नाव माझंच निघालं. असतात सारखी नावं. पुन्हा पाहिलं. नाही.

तसं सांगितलं. सभ्यपणे. मुलगी म्हणाली, बाबा, मी आहे ना.

नाहीस, म्हटलं. तीनदा पाहिलंय.

नोंदबाईंनी कागद उचलला. त्या बाईला धरून बाहेर नेलं. मुलगी मागे वळून बघत गेली. कामाच्या वेळी लोक मुलं घेऊन येतात, आणि वर रडतात —

ही वही उघडीच होती. मागचं पान. अक्षर माझं. मोठं. वेड्यासारखं एकच नाव लिहिलंय. कुणी मूर्ख —

वाचलं.

पुन्हा वाचलं.

दात पडलेला होता. तिचा. समोरचा. मी पाहिला —

माझी. ती माझी. जिन्यात मोजतेय, ऐकू येतंय, पाच, सहा — चुकली, पुन्हा वर येतेय — वर येतेय — आता हाक मारतो, नाव घेतो, चि —

आहे. पंपगृह.

चिमी, थांब, मी —

आहे. आहे. नऊ वाजले, सगळे एकदम — आहे — एक मिनिट द्या, एकच — आहे — आहे — दारात कुणीतरी लहान उभं आहे — कोण — विभाग —